गार्गॉइल खातो काय? एका कॅथेड्रलच्या छपरावरचं प्रकरण

टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या फँटसी गेममध्ये गार्गॉइल, म्हणजे जुन्या चर्चवरच्या दगडी जनावरासारखा पंखवाला राक्षस, आला की बहुतेक टेबलांवर एकच सीन होतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पडक्या किल्ल्यात शिरते, दाराच्या दोन बाजूंना दोन पुतळे, हे हलणार हे सगळ्यांना आधीच माहीत, मग ते हलतात, मारामारी होते, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात आणि पुढची खोली. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण एवढा भारी प्राणी, आणि त्याला आपण दाराची घंटी करून टाकलंय. त्याला पोट दिलं, वाढ दिली, आजारपण दिलं तर हाच एक प्राणी अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, ओढून नेऊ शकतो. आमच्या टेबलावर गेम मी चालवतो, तिथे ते कसं झालं ते सगळं लिहितोय, म्हणजे कुणाला आपल्या गेममध्ये वापरायचं असेल तर नुसतं लोअर, म्हणजे प्राण्याची रचलेली माहिती, नाही, त्यामागचा विचार पण मिळेल.

तर प्रकरण असं. आमचं कॅम्पेन मध्ययुगीन फ्रान्सच्या धर्तीवरच्या एका काल्पनिक प्रांतात चालू आहे. चुनखडीच्या टेकडीवर ओदर्न नावाचं शहर, मधोमध कॅथेड्रल, खाली नदी. तिथल्या बिशपने पार्टीला बोलावून काम दिलं की कॅथेड्रलवरचे गार्गॉइल माणसं मारायला लागलेत, पावसाच्या दिवसांत दोन जण गेले, तेव्हा छप्पर साफ करून द्या आणि इनाम घेऊन जा. सरळ काम होतं. पण आमची रेंजर, म्हणजे रानावनातली तिरंदाज, जी खेळते ती भूशास्त्र शिकलेली आहे, टेबलावर सगळे तिला ताईच म्हणतात, तिने धनुष्य काढायच्या आधी विचारलं, "अरे, पण हे खातात काय? आणि शेकडो वर्षं इथे बसलेत ना, मग आत्ताच का पिसाळले?"

गेमच्या पुस्तकात याचं उत्तर नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेममध्ये गार्गॉइल अगदी १९७४ च्या पहिल्या संचापासून आहे, आणि आम्ही खेळतो त्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात त्याचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा तक्ता, नीटनेटका आहे: आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड) १५, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ५२, उडायचा वेग ६० फूट, आणि न हलता बसला तर साध्या पुतळ्यापासून ओळखता येत नाही. पण तिथेच असंही लिहिलंय की त्याला हवा, अन्न, पाणी, झोप काहीच लागत नाही. झालं. ज्याला भूकच नाही त्याला कुठे जायचं कारण नाही, कुणाशी भांडायचं कारण नाही, मग तो दुष्ट आहे म्हणून मारतो एवढंच उरतं. लढाईपुरतं हे चालतं, पण ताईच्या प्रश्नापुढे गाडी तिथेच अडते. आम्ही सेशन त्या प्रश्नावरच थांबवलं आणि मी तो प्राणी मुळापासून रचायला घेतला.

आधी पाणी, मग पंख

बहुतेक होमब्रू, म्हणजे खेळाडूंनी घरी रचलेले, गार्गॉइल पंख, नखं आणि जादूपासून सुरू होतात. मी खऱ्या गार्गॉइलच्या कामापासून सुरुवात केली, आणि ते काम म्हणजे पाणी फेकणं. गॉथिक कॅथेड्रलच्या भिंती प्रचंड उंच, त्यात मोठमोठ्या खिडक्या, आणि दगड चुन्यात जोडलेले. एवढ्या छपराचं पाणी भिंतीवरून ओघळत राहिलं तर सांध्यातला चुना धुऊन जातो, आणि थंडीत सांध्यात शिरलेलं पाणी गोठून दगड फुटतो. म्हणून पन्हळ भिंतीपासून चांगली लांब बाहेर काढायची, तिला जनावराचा आकार द्यायचा, पाठीवर खोबण, आणि तोंडातून पाणी भिंतीला न लागता खाली. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलवर ही व्यवस्था १३ व्या शतकापासूनची आहे, तिथे भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानींच्या पाठीवरूनसुद्धा पाणी खेळवून बाहेर काढलेलं आहे. आपल्याकडे गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी गोमुखातून नाहीतर मकरमुखातून बाहेर पडतं, तेव्हा जनावराच्या तोंडातून पाणी काढायची कल्पना आपल्याला नवीन नाही.

आता नोत्र-दामचे जे फोटोत सगळ्यात प्रसिद्ध आहेत, कठड्यावर कोपर टेकून शहराकडे बघत बसलेले, ते पन्हळ नाहीतच. ते १८४४ ते १८६४ च्या मोठ्या दुरुस्तीत व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराने बसवलेले आहेत, त्यांच्यातून पाण्याचा थेंब जात नाही. मला इथे पहिला धागा सापडला. एकाच इमारतीवर दोन प्रकारची जनावरं: एक भिंतीतून आडवी बाहेर आलेली, तोंडातून पाणी जाणारी, दुसरी वर कठड्यावर उकिडवी बसलेली, कोरडी. माझ्या प्राण्यात मी या दोन जाती केल्या नाहीत, एकाच प्राण्याच्या वाढीच्या दोन अवस्था केल्या. ओदर्नचे लोक पहिल्यांना थुंके म्हणतात आणि दुसऱ्यांना बसके.

थुंका म्हणजे वाढीच्या वयातला गार्गॉइल. समुद्रातला बार्नॅकल, खडकांवर दिसणारा कवचाचा छोटा प्राणी, लहानपणी पोहतो आणि मग खडकाला डोक्याने चिकटून जन्मभर तिथेच राहतो, तसा हा मागच्या पायांनी भिंतीत रुततो आणि वर्षानुवर्षं पन्हळीतून येणारं पाणी तोंडातून जाऊ देतो. ते पाणी त्याचं जेवण. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायॉक्साइड विरघळलेला असतो, ते चुनखडीवरून वाहिलं की थोडा चुना सोबत घेऊन येतं, आणि पन्हळीत शेवाळ, मेलेले किडे, कबुतरांची विष्ठा सगळं साठलेलं असतं तेही येतं. थुंका हे गाळून घेतो, चुना कवचाला आणि बाकीचं पोटाला. पाऊस नसेल तेव्हा तो निपचित, कारण खर्चच नाही. मोठा झाला की तो भिंत सोडतो, वर कठड्यावर जाऊन बसतो, तो बसका, आणि बसके रात्री कबुतरं धरतात, हाडांसकट खातात. दाढीवाल्या गिधाडाचं मुख्य खाणं हाडंच असतं, त्यामुळे हाडावर जगणारा मोठा पक्षी ही कल्पना अजिबात ताणलेली नाही.

दगड खाणारा प्राणीसुद्धा खरा आहे. फिलिपिन्समधल्या अबातान नदीत लिथोरेडो नावाचा एक शिंपल्यांच्या कुळातला किडा आहे, २०१९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, तो चुनखडी पोखरतो, गिळतो आणि मागून बारीक वाळू टाकतो. असली एखादी खरी गोष्ट हाताशी असली ना की टेबलावर "हे कसं शक्य आहे" हा सूर लागत नाही.

मग प्रश्न आला की कॅथेड्रलं बांधायच्या आधी हे राहायचे कुठे. उत्तर कबुतरांकडे आहे. शहरातली कबुतरं मुळात कड्यांवर घरटी करणारी, त्यांच्या लेखी इमारत म्हणजे कडाच. बहिरी ससाणे कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर घरटी करतात तेही त्याचमुळे. माझे गार्गॉइल मूळचे चुनखडीच्या ओल्या कड्यांवरचे, झऱ्यांच्या तोंडाशी बसणारे, आणि माणसाने शहराच्या मधोमध दगडाचा उंच कडा उभारला, वरून पाण्याची सोय केली, तेव्हा ते आपणहून आले.

आणि आधीपासून कोरलेले पुतळे? ते आमिष. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून पफिन पक्षी संपले होते, १९७३ पासून तिथे पिल्लं आणून वाढवायचं काम सुरू झालं आणि मोठे पक्षी परत उतरावेत म्हणून खडकांवर लाकडी पफिन उभे केले. आपल्यासारखे आधीच बसलेत म्हणजे जागा चांगली, असं वसाहतीने राहणाऱ्या पक्ष्यांना वाटतं. ओदर्नच्या पाथरवटांनी नुसती शोभेची म्हणून कोरलेली जनावरं बघून खरे गार्गॉइल शेजारी येऊन बसले. म्हणून पुतळे आणि प्राणी मिसळलेले आहेत, आणि कोण कोण ते ओळखणं हे खेळाडूंचं काम.

उडणं आणि वजन

इथे मला थोडा हिशोब करावासा वाटला. माणसाएवढं शरीर साधारण ७० लिटरचं धरलं आणि चुनखडीची घनता पाण्याच्या अडीचपट धरली तर वजन १७५ किलो होतं. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड म्हणजे आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा भाऊबंद, तो २० किलोच्या आतच. तेव्हा घन दगडाचा प्राणी पंख मारून जमिनीवरून उठेल हे मला पटत नव्हतं. मग कवच दोनतीन सेंटीमीटर जाड आणि आत पक्ष्यांच्या हाडांसारखी पोकळ जाळी, असं करून वजन निम्म्याच्या खाली आणलं, आणि तरीही उडणं काढून टाकून तरंगणं ठेवलं. गोव्यात, कर्नाटकात सुपारीच्या बागांत उडता सरडा असतो, तो बरगड्यांवरची कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, उतरताना खाली येतो आणि मग खोडावरून सरसर परत वर चढतो. गार्गॉइलचं तसंच. जेवढा खाली येईल त्याच्या तिप्पट आडवा जाईल, आणि मग भिंत शोधून नखांनी चढायचं.

या एका नियमाने नकाशा बदलला. नोत्र-दामचे मनोरे ६९ मीटर उंच आहेत, ओदर्नला मी तेवढेच दिले, म्हणजे सगळ्यात वरून सुटलेला बसका फार फार तर २०० मीटरच्या आसपास पोचणार. शहराच्या नकाशावर कॅथेड्रलभोवती वर्तुळ काढलं, त्याच्या बाहेर गार्गॉइल येऊच शकत नाही, आणि शिकारीला झेपावणारा प्राणी भिंतीपासून लांब उतरणार, भिंतीच्या पायथ्याशी नाही. आता बिशपची ती दोन माणसं. दोघंही अगदी भिंतीच्या कडेला, पागोळ्या पडतात त्या रेषेत मेलेली. सुतावरून स्वर्ग गाठणारी मंडळी टेबलावर असली की एवढं पुरतं, आमचा रोग (Rogue, म्हणजे चोरट्या वळणाचं पात्र खेळणारा) म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय, झेप घेतलेला प्राणी असा सरळ खाली पडेल कशाला?"

हल्ला झालाच नव्हता. गार्गॉइल वरून पडत होते.

शिसं

का पडत होते याचं कारण मला आपल्या गिधाडांवरून सुचलं. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं पटापट मरायला लागली, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून जास्त गेली, आणि कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना दिलेलं वेदनाशामक औषध, जे मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचत होतं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते बंद झालं. यात कुणी गिधाडांना मारायला निघालेलं नव्हतं, माणसाने स्वतःच्या सोयीसाठी एक बदल केला आणि तो अन्नातून दुसऱ्याच्या मुळावर उठला. गेममध्ये खलनायक नसलेलं संकट मला नेहमी जास्त आवडतं, कारण मग खेळाडूंना कुणाला तरी ठार करून सुटता येत नाही.

गार्गॉइलचं अन्न छपरावरून येतं. मग छपरात काय बदल झाला? ओदर्नचं जुनं छप्पर दगडी कौलांचं होतं, ते गळत होतं, म्हणून बिशपने वर्गणी जमवून शिशाचे पत्रे घातले. कॅथेड्रलवर शिशाचं छप्पर ही मध्ययुगातली नेहमीची गोष्ट. नोत्र-दामचं पण शिशाचंच होतं, १५ एप्रिल २०१९ ला ते जळालं तेव्हा आसपासच्या वस्तीत शिशाची धूळ पसरल्याची काळजी लागून राहिली होती. पावसाचं पाणी मऊ असतं, किंचित आम्ल असतं, त्यात शिसं थोडं थोडं विरघळतं. आणि शिशाची वाईट खोड अशी की शरीरात ते कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, हाडांत साठतं. कॅलिफोर्नियातले काँडोर, तिकडची गिधाडं, मेलेल्या जनावरातल्या बंदुकीच्या गोळ्यांच्या तुकड्यांमुळे असेच शिसं भिनून मरतात. ज्या प्राण्याचं सगळं शरीरच चुन्याचं, त्याच्यावर काय वेळ येईल बघा.

इथे कात टाकणं आलं. खेकडा वाढताना जुनं कवच सोडतो आणि नवं कडक होईपर्यंत लपून बसतो, गार्गॉइलही दर काही दशकांनी कवच सोडतो, आणि जुनं रिकामं कवच भिंतीवर तसंच राहतं, म्हणजे भिंतीवरचा आकार तीन प्रकारचा असू शकतो: कोरलेला, सोडलेला आणि जिवंत. शिसं भिनलेल्यांचं नवं कवच कडक होतच नव्हतं, भिजलेल्या पापडासारखं राहत होतं, नखं भिंत धरत नव्हती, आणि पाऊस झोडपायला लागला की ते निखळून खाली पडत होते.

हे सगळं माझ्या वहीत होतं, पण वहीतलं लोअर खेळाडूंना दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावला, याची खूण कुठे दिसेल, कुणाच्या हाताला लागेल? जिची खूण नाही ती गोष्ट काढून टाकली. अंडी खाणीतल्या गारगोट्यांसारखी दिसतात, ती पन्नास वर्षांनी फुटतात, नर आणि मादी शिट्टीसारख्या आवाजाने एकमेकांना बोलावतात, यातलं बरंचसं मला स्वतःला फार आवडलं होतं तरी बाजूला ठेवलं, कारण ओदर्नच्या या प्रकरणात ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. जे ठेवलं त्यातल्या दोन खुणांनी सगळं काम केलं.

पहिली खूण म्हणजे दगडफूल, ते दगडाला चिकटून पसरणारं करडं-पिवळं लायकेन. त्याची खडकाला घट्ट चिकटणारी जात वर्षाला मिलिमीटरभर नाहीतर त्याहूनही कमी वाढते. ताईने दोरीवरून लोंबकळत एका जनावराची मान तपासायला घेतली, मी वर्णन केलं की मानेवर तळहाताएवढा पिवळा डाग आहे, आणि तो मानेच्या वळणावरून अखंड खांद्यापर्यंत गेलाय. तिला लगेच कळलं, ही मान कित्येक दशकं वळलेली नाही, हा कोरलेला. शेजारच्यावर पण डाग होता पण मानेपाशी आणि पंखाच्या मुळाशी केसाएवढी बारीक चीर, आणि चिरेच्या कडा ताज्या पांढऱ्या. तिसऱ्यावर डाग अखंड, पण बोटाने टकटक केलं तर आवाज पोकळ. रोलची गरजच पडली नाही. मी नियम म्हणून नेचर चेक १५, म्हणजे निसर्गज्ञानासाठी फासा टाकून १५ गाठायचे, असा ठेवला होता, पण खेळाडूने नेमक्या जागी नेमकं बघितलं तर माहिती द्यायची, तिथे फासा आडवा आणायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरी खूण पोटातल्या खड्यांची. क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, कात टाकायच्या आधी कवचातला चुना काढून घेऊन पोटात दोन खड्यांच्या रूपात साठवतो आणि नंतर नव्या कवचाला वापरतो. युरोपात असे खडे औषध म्हणून विकले जायचे, पोटातल्या आम्लपित्तावर. मी ओदर्नच्या वैदूंना गार्गॉइलचे खडे विकायला लावलं, पडलेल्या गार्गॉइलच्या पोटातून काढलेले, आंब्याच्या कोयीएवढे. आमच्या विझर्डने बाजारात दोन घेतले, एक जुना आणि एक नवा, आणि करवतीने मधोमध कापले. जुना आतून नुसता दुधी, एकावर एक वलयं, झाडाच्या खोडासारखी. नव्यात आतली वलयं तशीच दुधी आणि बाहेरची सगळी राखाडी, बोटाला काळपट लागणारी. टेबलावर कुणी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "राखाडी वलयं मोज." विझर्डने मोजली, आणि छपराचं काम कोणत्या वर्षी झालं ते विचारायला रोग तडक बाहेर पडला. वर्षं जुळली.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हा क्षण मोलाचा. गार्गॉइलची गोष्ट मी सांगितली नाही, त्यांनी कापून वाचली.

साक्षीदार आणि बिशप

प्राण्याचा इतिहास रचताना त्याच्याजवळ रोज वावरणारा एक माणूस लागतो. तो मला फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या दंतकथेत मिळाला. सातव्या शतकातले बिशप सेंट रोमँ यांनी सीन नदीकाठच्या ड्रॅगनला पकडलं, सोबत यायला तयार झाला तो फक्त शिक्षा झालेला एक कैदी, ड्रॅगन जाळला पण आगीची सवय असलेलं डोकं आणि मान जळली नाही, ती वर टांगली, अशी ती कथा. त्या आठवणीत रुआँच्या कॅथेड्रलला दरवर्षी एक कैदी सोडायचा अधिकार होता, फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत तो चालला. ओदर्नमध्ये मी असं केलं की सुटलेल्या कैद्याने आयुष्यभर कॅथेड्रलच्या पन्हळी साफ करायच्या. असा एक म्हातारा छपरावर राहतो, प्रत्येक थुंक्याला ओळखतो, पण सुटका झालेला गुन्हेगार म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. तो पार्टीला म्हणाला, "बाबांनो, हे मारत नाहीत कुणाला, यांची पकड सुटते. मी सांगायला गेलो तर मलाच विचारलं, तू कितवा खून लपवतोयस." आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा, एरवी बिशपच्या शब्दाबाहेर जात नाही, तो त्या रात्री म्हाताऱ्याशेजारी पन्हळीत हात घालून बसला.

बिशपलाही मी दुष्ट केला नाही. छप्पर गळत होतं, आतला लाकडी सांगाडा कुजत होता, वर्गणी गरिबांकडून आलेली, आणि ती परत काढून टाकायची हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याच्या सल्लागारांत एक मठाधिपती ठेवला, तो म्हणतो या विचित्र जनावरांची देवाच्या घरात गरजच काय. हा सूर मी १२ व्या शतकातले मठाधिपती क्लेअरव्होचे बर्नार्ड यांच्यावरून घेतला, मठांच्या ओवऱ्यांत कोरलेल्या राक्षसी आकारांवर त्यांनी टीका केली होती, की या वेडगळपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या.

मग वाटाघाटी झाल्या, आणि तोडगा ताईने काढला, माझ्या वहीत तो नव्हता. कठीण पाणी, म्हणजे चुना जास्त असलेलं पाणी, शिशाच्या नळीत गेलं की आतून हळूहळू थर धरतं आणि शिसं पाण्यात कमी उतरतं. ती म्हणाली, पत्रे काढू नका, वर आढ्यापाशी आणि पन्हळींत चुनखडीची खडी भरा, पाणी आधी तिच्यावरून जाऊ दे. पत्र्यांवर थर बसेल, थुंक्यांना चुनाही मिळेल. खडी टेकडीवरून फुकट. बिशपने मान्य केलं, पण दक्षिण बाजूपुरतंच, उत्तरेला मठाधिपतीचा शब्द चालतो. आधीच भिनलेलं शिसं लगेच जाणार नाही, म्हणून भिंतीच्या कडेने लाकडी कठडा घालून लोकांना लांब ठेवायचं, हे पॅलाडिनने अटीत घालून घेतलं.

लढाई झालीच नाही असं नाही. खड्यांचा भाव चढलेला बघून काही जण रात्री जिवंत बसके फोडायला वर चढले, आणि कवच मऊ असलेला प्राणी कोपऱ्यात सापडला की तो नखं काढणारच. त्यासाठी मी स्टॅट ब्लॉक असा केला: हिट पॉइंट ५२ च, पण कात टाकल्यावर आर्मर क्लास १५ वरून ११, साध्या हत्यारांपासूनचं संरक्षण गेलेलं, आणि भिंत धरून राहायला दर फेरीत स्ट्रेंग्थ सेव्ह, म्हणजे ताकदीचा फासा, १२. उडायचा वेग काढून तिप्पट तरंगण्याचा नियम. अन्न-पाणी लागत नाही ही ओळ पूर्ण काढली. पुतळ्यासारखं दिसण्याची खुबी तशीच ठेवली, कारण हा सगळा खेळ त्याच एका गोष्टीवर उभा आहे. पार्टीने त्या रात्री गार्गॉइलच्या बाजूने लढाई केली, छपरावर, पावसात, आणि दोघं जण निसटून पडता पडता वाचले.

टेबलावर एकाने विचारलं की हेच प्राणी सह्याद्रीत आणता येतील का, बेसॉल्टच्या किल्ल्यांवर. मला मोह झाला, पण बेसॉल्ट पावसाच्या पाण्यात चुनखडीसारखा सहज विरघळत नाही, म्हणजे या प्राण्याचं ताटच रिकामं. तिथे वेगळा प्राणी रचावा लागेल, वेगळ्या खाण्याचा.

आता पुढचं चालू आहे ते कड्याचं. शहरापासून थोडं लांब नदीच्या वळणावर चुनखडीचा ओला कडा आहे, जुनी मूळ वस्ती, आता रिकामी. ताईने पाथरवटांकडून चार पुतळे कोरून घेतले आणि कड्यावर नेऊन बसवले, उत्तर बाजूचे बसके तिकडे यावेत म्हणून. कडा त्या २०० मीटरच्या वर्तुळाबाहेर आहे, त्यामुळे वाटेत म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून एक उंच लाकडी मचाण पण उभारलंय, चढायला आणि तिथून पुन्हा सुटायला. नियम असा ठेवलाय की गेममधल्या दर वर्षी एकदा डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा, १७ किंवा वर आला तर एक बसका कड्यावर येऊन बसला. पहिला रोल ९ आला. ताईने लगेच विचारलं, पुतळे झऱ्याच्या तोंडाशी, ओल्या बाजूला हलवले तर काही फरक पडेल का? पडायला पाहिजे, त्यांचं जेवणच तिथे आहे, म्हणून पुढच्या वर्षीपासून १७ च्या जागी १५.